खड्डा नसलेली झाडे

नगर जिल्ह्यात झाडे पाहायला कोणी जात नाही. माणसे देवाला जातात, किल्ला पाहतात आणि परततात. गेल्या भाद्रपदात मी तिथे तीन दिवस केवळ झाडांसाठी गेलो होतो. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. माझ्या तोंडी नगर बसले आहे, तेच येथे येईल.

का गेलो, ते आधी सांगतो. शेवगावच्या रस्त्यावर एक विद्यापीठ आहे. त्याचे नाव लिहीत नाही. चूक त्याची नाही, माझी आहे. तिथे मी सव्वीस वर्षे उद्यान अधीक्षक होतो. निवृत्त होऊन गुहागरजवळच्या माझ्या गावी आलो त्याला बावीस वर्षे झाली. श्रावणात तिथल्या वनस्पतिशास्त्र विभागाच्या प्रमुख सुनंदा वाकचौरे यांचे पत्र आले. विद्यार्थिनी असताना त्या पाने घेऊन माझ्याकडे नावे विचारायला येत. पत्र थोडक्यात असे : मुलींच्या वसतिगृहासाठी जागा निवडायची आहे. मूळची, आपोआप उगवलेली झाडे तोडायची नाहीत, लावलेली अडचणीत येत असतील तर तोडावीत, असा विद्यापीठाने नियम केला आहे. कोणते झाड मूळचे आणि कोणते लावलेले, हे सांगणारा एकच कागद कार्यालयात आहे, तो म्हणजे माझी जुनी वृक्षनोंदवही. तीत दक्षिणेच्या उतारावरचे एकसष्ट हिवर 'लावलेले' म्हणून नोंदले आहेत. त्यामुळे वसतिगृह त्या उतारावर ठरले आहे. "परंतु झाडे पाहून मला शंका येते," असे त्यांनी लिहिले होते. "आपण एकदा येऊन खात्री करून द्यावी."

खात्री करण्यासारखे काही नव्हते. ते हिवर मी लावलेले नाहीत. ते विद्यापीठाच्या आधीपासून तिथे उभे आहेत. नोंद खोटी आहे, आणि ती माझ्या अक्षरात आहे.

मी नोकरीला लागल्यावर तिसऱ्या वर्षी पाऊस झाला नाही. लावलेल्या रोपांतली निम्मी जळाली. उन्हाळ्याच्या अखेरीस तपासणी होती, आणि ठरवून दिलेली संख्या भरत नव्हती. लावलेल्या झाडाच्या खोडाला खाली गेरूचा आणि वर चुन्याचा पट्टा देण्याची आपल्याकडे रीत आहे. तपासणारा अधिकारी जीपमधून पट्टे मोजतो. मी उतारावरच्या जुन्या हिवरांभोवती आळी करवून घेतली, खोडांना पट्टे देवविले आणि एकसष्ट आकडे वहीत चढविले. अधिकारी जीपमधून उतरला नाही. त्या वर्षीच्या वृक्षारोपणाबद्दल मला प्रशस्तिपत्र मिळाले. ते माझ्या ओटीवरच्या भिंतीवर होते.

निघताना मी काय ठरवले होते असे कोणी विचारील. काहीही ठरवले नव्हते.

पहिला दिवस : फाटक

दुपारी पोहोचलो. पावसाने त्या मुलखाला जेवढे द्यायचे तेवढे दिले होते. बाजरी कणसात आली होती, बांधांवर तरवड पिवळा झाला होता. कोकणातून जाणाऱ्याला तिथे प्रथम आभाळ दिसते. ते फार असते. आमच्याकडे झाड वाढू नये म्हणून कोयता चालवावा लागतो. तिथे ते जगावे म्हणून माणूस खांद्याने पाणी वाहतो. हा फरक पुस्तकात वाचून समजत नाही.

फाटकातून आत शिरताच विलायती शिरिषांचा रस्ता सुरू होतो. दोन्ही अंगांना सतरा-सतरा, एकूण चौतीस झाडे. ही माझी. वरती त्यांच्या फांद्या एकमेकींत गेल्या आहेत आणि खाली भर दुपारी गारवा असतो. मुले-मुली त्या सावलीत पुस्तके घेऊन बसली होती. एकीने मला उठून जागा दिली. मी कोण हे तिला ठाऊक नव्हते. मी थोडा वेळ बसलो.

आवारात पुढे जावे तसे माझेच काम दिसत गेले. गुलमोहर, काशीद, निलगिरी, सुबाभूळ, कुंपणाला गिरिपुष्प. सगळी परमुलखातली. त्या काळी लवकर वाढणारे ते चांगले झाड, असे आम्ही शिकलो होतो आणि तसेच करीत गेलो. सुबाभूळ आता मी सांगितलेल्या जागी थांबलेली नाही. ओढ्यापर्यंत पसरली आहे. बोर, हिंगणबेट, पळस हे माळाचे मूळ रहिवासी कुंपणापलीकडे उरले आहेत. आत मूळचे म्हणावे असे एकच रान राहिले आहे, ते दक्षिणेच्या उतारावर. तिथे पाणी पोहोचत नव्हते म्हणून मी काही लावले नाही. ते माझ्या हातून वाचले ते एवढ्याच कारणाने.

सायंकाळी विभागात सुनंदाबाईंनी चहा दिला. बांधकाम खात्याचे अभियंता शेळके नकाशा घेऊन आले. तरुण, नीटनेटके गृहस्थ. नकाशावर दोन चौकोन होते.

"हा लाल, सर, उताराचा. सगळी लावलेली झाडं, म्हणून पहिली पसंती. आणि हा निळा पर्यायी."

निळा चौकोन फाटकाच्या रस्त्यावर होता.

"तिसरी जागा नाही?" मी विचारले.

"बांधायला सोयीच्या, पाण्याच्या नव्या लाइनीजवळ आणि रात्री मुलींना सुरक्षित अशा दोनच. पलीकडे ओढा, अलीकडे वर्ग. दोनशे मुली गावात भाड्याच्या खोल्यांत राहतात, सर. रोज दोन बसगाड्या बदलून येतात त्या वेगळ्याच. वसतिगृह तर हवंच."

त्यांचे म्हणणे योग्य होते. मी नकाशा परत दिला. हिवर मूळचे म्हटले तर माझे शिरीष जाणार, आणि गप्प बसलो तर हिवर जाणार. सुनंदाबाई माझ्याकडे पाहत होत्या. मी म्हणालो, उद्या झाडे पाहतो. झाडे पाहण्याची मला गरज नव्हती.

दुसरा दिवस : उतार

सकाळी अतिथिगृहाच्या पायरीवर दानियेल साळवे बसला होता. हा माझा माळी. माझ्याहून सहा वर्षांनी लहान. फाटकाबाहेरच्या वस्तीत राहतो. त्याच्या उजव्या खांद्यावर कावडीचा घट्टा आहे, तो सदऱ्यावरूनही दिसतो.

"रोडावला, सायेब," तो म्हणाला.

"तू नाही बदललास."

"बदलायला काय हाय माझ्यात. चला, पोरं बगायला चला."

पोरे म्हणजे शिरीष. त्याने एकेका झाडाची विचारपूस केली. याची फांदी वाऱ्याने गेली, त्याला एकदा वाळवी लागली होती, तिकडच्याला जीपने धडक दिली. मग आम्ही उतारावर गेलो.

हिवर ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. बाभळीच्या जातीतले झाड. पण खोड फिकट, पिवळसर पांढरे. फांद्या वर जाऊन आडव्या पसरतात, त्यामुळे दुरून उघडलेली छत्री दिसते. काटे जोडीने येतात. भाद्रपदात सगळे झाड मलईच्या रंगाच्या बारीक गोंड्यांनी भरते आणि त्यावर मधमाश्यांचा आवाज असतो. वाढ फार सावकाश. आम्ही गेलो तेव्हा एकसष्टही झाडे फुललेली होती. खाली कुसळी गवत गुडघाभर वाढले होते. तोडणीसाठी खोडांवर लाल रंगाचे आकडे घातले होते. माझ्या जुन्या पट्ट्यांच्याच उंचीवर.

दानियेलने एका खोडावर हात ठेवला.

"म्हातारी झाडं हुती, सायेब. आमी त्यास्नी बारशाला बसवलं."

मी पुढच्या झाडाकडे वळलो.

"चुना मीच लावला. दोन दिस लागलं. माझी मार्था म्हनली, झाडाला पावडर कशापायी लावता. म्या म्हनलं, सायबाचं लगीन हाय."

"हे तू कोणाला सांगितलेस?"

"कुनाला न्हाई. वाकचौरे बाई दोनदा इचारून गेल्या. म्हनलं, वहीत लिवलंय ते सायबांनी लिवलंय, सायबांस्नी इचारा." तो थांबला. "चुना माजा, पन हुकूम तुमचा. मग सांगनं बी तुमचंच."

"सांगितले तर फाटकावरची झाडे जातील. माहीत आहे?"

"नकाशा बगितलाय मी. लाल आन निळा."

"तू पाणी घातलेस त्यांना."

"व्हय. तीन उन्हाळं." त्याने खांद्याकडे हातही नेला नाही. "तरी पन, सायेब, ह्यास्नी कुनी पानी घातलं न्हाई आन ही उभी ऱ्हायली. ह्यांच्यावर आपला काय हक्क?"

परत येताना पायमोज्यांत इतकी कुसळे शिरली की चालवेना. दानियेलच्या अंगणात बाजेवर बसून ती एकेक उपटीत बसलो. त्याला अर्धा तास लागला. दानियेलने मदत केली नाही. समोर बसून पाहत राहिला. मार्थाबाई आतून म्हणाल्या, "अवं, सायबांचं मोजं द्या की इकडं, बकरी खाईल कुसळं." दानियेल हसला. मीही बहुधा हसलो असेन.

जेवायला हुलग्याची शेंगोळी, बाजरीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा होता. आमच्याकडे हुलग्याला कुळीथ म्हणतात आणि त्याचे पिठले करतात. त्याची अशी कडी वळून रश्श्यात शिजवावी हे कोकणात सुचलेले नाही. ताटे मांडल्यावर मी चित्राहुती घालण्यासाठी पाणी घेतले, तेवढ्यात दानियेलने डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. मी हातात पाणी धरून थांबलो. अन्नाबद्दल आभार, पावसाबद्दल आभार, पाहुण्याबद्दल आभार. शेवटी तो म्हणाला, "आन जे बोलायचं हाय ते बोलायला बळ दे." कोणाला, ते त्याने म्हटले नाही. मार्थाबाई 'आमेन' म्हणाल्या. मी पाणी ताटाभोवती फिरविले. दोघांनी जेवायला सुरुवात केली नव्हती. माझे होईपर्यंत ते थांबले होते.

तिसरा दिवस : पहार

वृक्षसमितीचे लोक सकाळी उतारावर जमले. सुनंदाबाई, शेळके, कुलसचिवांच्या कार्यालयातील एक गृहस्थ आणि दोन मजूर. दानियेल बोलावल्याशिवाय आला आणि बाजूला उभा राहिला. सुनंदाबाईंनी माझी नोंदवही आणली होती. निळ्या शाईतले ते पान त्यांनी माझ्यासमोर धरले.

मी म्हणालो, "ही नोंद खोटी आहे. ही झाडे मूळची आहेत. संख्या भरावी म्हणून मी त्यांना चुना देवविला आणि लावलेली म्हणून लिहिली. हे मी जाणूनबुजून केले."

सुनंदाबाईंनी वही मिटली. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता; मला तो अपेक्षित होता. त्यांना झाडे ओळखायला मी शिकवले होते.

मग शेळके सावधपणे म्हणाले, "सर, तुमचा आदर आहे. पण सहीचा कागद एक म्हणतो आणि तुम्ही आज दुसरं म्हणता. निळ्या जागेत तुमचीच झाडं आहेत, तेव्हा यात तुमचा स्वार्थ नाही, हे उघड आहे. पण वर विचारतील. ब्याऐंशी वर्षांच्या माणसाची आठवण म्हणतील. पुरावा काय देऊ?"

दानियेल पुढे झाला.

"खनून बगा, सायेब."

"काय खणू?"

"आमी लावलेल्या झाडाला खड्डा असतुय. तीन फूट. त्यात तळ्यातली काळी माती. आन बुडाशी गाडगं पुरल्याबिगर एक रोप लावलं न्हाई आमी. गाडग्याच्या बुडाला भोक, भोकात चिंधी. आठ दिसांनी भरायचं. पानी झिरपत ऱ्हातं." त्याने हिवराकडे बोट केले. "हितं खड्डा घावला तर मी खोटा आन सायेब बी खोटं."

शेळक्यांनी स्वतः पाच झाडे निवडली. अकरावे, विसावे, अशी मनाला येतील ती. मजुरांनी मुळे सांभाळून कडेने खणले. वीतभर मातीखाली मुरूम लागला. अखंड मुरूम. त्याचे थर जसे बसले होते तसेच होते, कुठे फोडल्याची खूण नव्हती. हिवराची मुळे त्याच्या भेगांत शिरली होती. पाचही ठिकाणी तसेच निघाले. शेळके उकिडवे बसून थरांवरून बोट फिरवीत होते. अभियंत्याशी माती खोटे बोलत नाही.

"इथं कधी खणलेलंच नाही," ते म्हणाले. नंतर म्हणाले, "पण तिकडंही बघावं लागेल. तिकडं गाडगं निघालं तरच इकडच्या नसण्याला अर्थ."

आम्ही सगळे फाटकाच्या रस्त्यावर आलो. सावलीत बसलेली मुले उठून बाजूला झाली. पहिल्या झाडापाशी काळी माती लागली, गाडगे नाही. दुसऱ्यापाशीही नाही. पंचेचाळीस वर्षांत बुंधे इतके वाढले होते की गाडग्याची जागा त्यांनी गिळली असावी. कुलसचिवांच्या कार्यालयातल्या गृहस्थांनी घड्याळ पाहिले. मी खरे सांगतो : त्या क्षणी काही निघू नये असे मला वाटले. ते फार वेळ वाटले नाही, पण वाटले.

दानियेलने मजुराच्या हातातून पहार घेतली. तिसऱ्या झाडाला त्याने वळसा घातला आणि उत्तरेच्या अंगाला बसला. "रोपाची सावली पडंल त्या अंगाला पुरायचो," तो म्हणाला, "म्हंजी पानी तापत न्हाई." एका जाड मुळाच्या कडेची माती त्याने पहारीच्या टोकाने सैल केली, मग हातांनी उपसली.

प्रथम तांबड्या खापराचा काठ दिसला. गाडगे फुटून तीनचार तुकडे मुळांत रुतले होते. ते बाजूला केल्यावर आत बारीक मुळांचा एक गोळा निघाला. पाण्याच्या शोधात मुळे भोकातून गाडग्यात शिरली होती आणि आत जागा होती तेवढी वाढली होती. गाडगे फुटले होते, पण मुळांचा गोळा अजून गाडग्याच्या आकाराचा होता. पोट, मान, सगळे.

शेळक्यांनी फोन काढून छायाचित्र घेतले. दानियेलने माती पुन्हा लोटली आणि पायाने दाबली. जे झाड आता जाणार हे त्याला समजले होते, त्याच्या मुळांवर त्याने माती नीट दाबली.

दुपारी मी दुरुस्तीचे पान लिहिले. नोंद कोणी केली, का केली आणि ती कशी खोटी आहे. खाली सही. सुनंदाबाईंनी वाचले आणि म्हणाल्या, "कारण लिहायची गरज नाही, सर. 'नजरचुकीने' म्हटलं तरी चालेल."

"नजर चुकली नव्हती," मी म्हणालो.

त्यांनी पान वहीत लावले.

सायंकाळची गाडी होती. दानियेल फाटकापर्यंत आला. उजेड उतरला की विलायती शिरिषाची पाने मिटतात. चौतीसही झाडे मिटू लागली होती आणि वरून आभाळ दिसू लागले होते. आम्ही दोघे रस्त्याच्या मधून चाललो. निरोप देताना काही बोलावे असे मला वाटले. पंचेचाळीस वर्षांपूर्वी त्याच्याकडून जे करवून घेतले त्याबद्दल. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. घट्टा लागला. त्याने माझी पिशवी गाडीत ठेवली.

"मार्थानं हुलग्याचं पीठ घातलंय त्यात," तो म्हणाला. "कोकनात पाटवा म्हनली. शेंगोळी शिका."

घरी

दिवाळीनंतर एके सकाळी त्याचा फोन आला.

"सायेब, आज फाटकावरचं पैलं झाड पडलं."

"तू गेला होतास?"

"उभा हुतो."

"किती वेळ?"

"पडेस्तोवर." मागे यंत्राचा आवाज येत होता. थोड्या वेळाने तो म्हणाला, "हिवरावरचं लाल आकडं पुसलं. बाईंनी पोरी लावल्या हुत्या, घासून काढलं. आता कुनाच्या बी अंगावर काय लिवलेलं न्हाई."

मी बरे म्हटले आणि फोन ठेवला.

प्रशस्तिपत्र मी प्रवासातून परतलो त्याच दिवशी उतरविले होते. बावीस वर्षांत त्याच्याखालची भिंत मळलेली नाही, म्हणून तिथे एक पांढरा चौकोन दिसतो. गेल्या आठवड्यात ओटीला चुना काढणारा माणूस आला होता. त्याने तो चौकोन पाहिला आणि म्हणाला, एक हात दिला की कळणारही नाही.

मी त्याला परसातल्या भिंतीला चुना काढायला सांगितले. ओटीची भिंत आहे तशी आहे.